मागायला गेलो अधिकार

१५ जुलै २०२४ची पहाट. उठून फोन हातात घेतला तर ढाक्याहून भाचीचा व्हॉइस मेसेज आलेला. ती तेव्हा तिथे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. मागे मुलींचा कालवा आणि त्यावर तिचा दबका आवाज, "मामा, इथं सगळे स्वतःला रझाकार म्हणवून घेतायत. पणजीच्या गोष्टीतले रझाकार ते हेच का?"

पाठोपाठ एक व्हिडिओ. ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून अपरात्री बाहेर पडलेल्या मुली, आणि घसा फोडून दिलेली घोषणा: "तुमी के? आमी के? राजाकार, राजाकार!" लगेच पुढची ओळ, "के बोलेछे? के बोलेछे? स्वैराचार, स्वैराचार!" तू कोण, मी कोण? रझाकार. म्हणालं कोण? हुकूमशहा. बंगालीत स्वैराचार या शब्दाचा अर्थ तसा होतो.

मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. हा शब्द माझ्या घरातला होता.

आमचं गाव जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. निजामाच्या मुलखात असलं तरी बार्शी फार लांब नाही, आणि बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, मुंबई प्रांतात. १९४८च्या उन्हाळ्यात आजीच्या माहेरचं सगळं घर एका रात्रीत बैलगाडीत बसून बार्शीकडे निघालं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून तिच्या ओटीत दिलेल्या. आवाज होऊ नये म्हणून ती त्या दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून बसली होती. हे ती सांगायची तेव्हा तिचे हात आपोआप पोटाशी जायचे. तिच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, रजाकारीच्या आधीचा आणि नंतरचा. आम्ही पोरं ताटातलं एकमेकांचं हिसकून खायला लागलो की ती ओरडायची, "रजाकारावानी ओरबाडून खाऊ नगा रं."

शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे, स्वयंसेवक. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीनं या नावाची फौज चालवली, आणि मराठवाड्याच्या तोंडी त्याचा अर्थ कायमचा बदलला. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराच्या मदतीला स्थानिक माणसांची जी दलं उभी राहिली, त्यांचंही नाव रझाकारच. तिथल्या घराघरात त्या नावाला फितुरीचा आणि रक्ताचा वास आहे. म्हणून २०२४च्या जुलैत तो शब्द विद्यार्थ्यांना उद्देशून वापरला गेला तेव्हा काय झालं असेल, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

विद्यार्थ्यांची मागणी तशी हिशेबाची होती. सरकारी नोकऱ्यांत ५६ टक्के जागा राखीव. त्यातल्या ३० टक्के मुक्तियोद्ध्यांच्या, म्हणजे १९७१ला पाकिस्तानविरुद्ध लढलेल्यांच्या वारसांसाठी, आता तर त्यांच्या नातवंडांसाठी. २०१८मध्ये असंच आंदोलन झालं होतं आणि सरकारनं वरच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांमधला कोटा काढून टाकला होता. ५ जून २०२४ला उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला आणि मुलं पुन्हा रस्त्यावर आली. १४ जुलैच्या पत्रकार परिषदेत पंतप्रधान शेख हसीना यांना याबद्दल विचारलं. मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या, असं त्या बोलून गेल्या.

त्याच रात्री मुलींच्या हॉलमधून घोषणा उठली. दुसऱ्या दिवशी भाचीनं आणखी एक ओळ पाठवली, "चाइते गेलाम अधिकार, होये गेलाम राजाकार." मराठीत आणायला काही करावंच लागत नाही. मागायला गेलो अधिकार, होऊन गेलो रझाकार. यमकसुद्धा जागच्या जागी राहतं.

पुढचे तीन आठवडे मी दिवसभर बातम्या पाहत होतो. लातूरला ताई हातातला फोन खाली ठेवत नव्हती. १५ तारखेला सत्ताधारी पक्षाच्या छात्र लीगनं विद्यापीठात आंदोलकांना झोडपलं, मुलींनाही सोडलं नाही. १६ तारखेला रंगपूरला अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. हातात एक काठी, बाकी काही नाही. समोरून गोळ्या आल्या, तो थोडा वाकला, पुन्हा सरळ झाला. हे साऱ्या जगानं पाहिलं. तरीही पोलिसांच्या पहिल्या नोंदीत ती गोळी पोलिसांची असल्याचा उल्लेख नव्हता. १८ तारखेला ढाक्याच्या उत्तरा भागात एक मुलगा आंदोलकांना पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होता, "पानी लागबे? पानी?" थोड्याच वेळात त्याच्या कपाळात गोळी लागली. "पाणी लागेल का, पाणी?" असं विचारणारा त्याचा आवाज तेवढा उरला.

त्याच रात्री देशाचं इंटरनेट गेलं. डेटा सेंटरला आग लागली म्हणून गेलं, असं सरकारचं म्हणणं. मग संचारबंदी, आणि दिसता क्षणी गोळी घालण्याचे आदेश. भाचीच्या मेसेजपुढची एकच करडी खूण दोन दिवस तशीच राहिली. ताई रात्री दोनला फोन करून विचारायची, "तुझा तरी गेला का रे मेसेज?" माझाही जात नव्हता. या काळात हजारो भारतीय विद्यार्थी मिळेल त्या वाटेनं सीमेकडे निघाले. भाची अखौऱ्याहून चालत आगरतळ्यात आली आणि पलीकडच्या कुणाच्या तरी फोनवरून एवढंच म्हणाली, "आई, पोचले." ताईनं मला ते सांगितलं तेव्हा ती उभी होती की खाली बसली होती, हे मला फोनवरून कळलं नाही. नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

२१ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं ९३ टक्के जागा गुणवत्तेवर द्यायचा आदेश दिला. मुक्तियोद्ध्यांच्या वारसांसाठी राहिले ५ टक्के. विद्यार्थ्यांनी जे मागितलं होतं ते जवळजवळ सगळं हातात पडलं होतं. आठ दिवस आधी हे झालं असतं तर मुलांनी एकमेकांना मिठाई भरवली असती आणि ती अभ्यासाला लागली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मधल्या आठ दिवसांत मागणी बदलली होती. विद्यार्थ्यांनी नऊ मागण्या मांडल्या होत्या. त्यात कोटा मागे पडला होता आणि सगळ्यात वर होतं ते हे: झालेल्या हत्यांची जबाबदारी घेऊन पंतप्रधानांनी जाहीर माफी मागावी.

मला हा सगळा जुलै या एका ओळीपाशी अडलेला दिसतो. नोकऱ्यांचे टक्के सरकारला देता आले. माफी देता आली नाही. बाकी सगळं करून पाहिलं. २५ जुलैला पंतप्रधान मीरपूरचं मोडतोड झालेलं मेट्रो स्टेशन पाहायला गेल्या आणि तिथे त्यांना रडू आलं. ज्यांची मुलं त्या आठवड्यात पुरली होती, त्यांनी ते अश्रू टीव्हीवर पाहिले. आंदोलनाच्या सहा समन्वयकांना गुप्तचर पोलिसांनी उचलून नेलं, मग त्यांना जेवायला बसवल्याचे फोटो बाहेर आले आणि आंदोलन मागे घेतल्याचं निवेदन त्यांच्याकडून कॅमेऱ्यासमोर वाचून घेतलं. देशाची अशी चेष्टा करू नका, अशा शब्दांत उच्च न्यायालयालाही सुनवावं लागलं. ३० जुलैला सरकारनं शोकदिन पाळला, काळ्या फिती लावायला सांगितल्या. लोकांनी काळा नाकारला आणि तोंडावर लाल कापड बांधलं. त्या दिवशी माझ्या भाचीच्या सगळ्या बंगाली मैत्रिणींचे प्रोफाइल फोटो म्हणजे नुसते लाल चौकोन होते.

शेवटी, ३ ऑगस्टला, चर्चेसाठी दार उघडं आहे असा निरोप आला. त्याच दिवशी ढाक्याच्या शहीद मिनारपाशी नऊ मागण्यांची एकच मागणी झाली, राजीनामा. ५ ऑगस्टला शेख हसीना हेलिकॉप्टरनं निघाल्या त्या भारतात उतरल्या. तिथली मुलं त्या दिवसाला ३६ जुलै म्हणतात. विजय मिळेपर्यंत जुलै संपलाच नाही, असं ते मोजणं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे दीड महिन्यात १४००पर्यंत माणसं मारली गेली. त्यातली १२-१३ टक्के मुलं होती.

मी सातवीत होतो. कबड्डीत हरलो म्हणून गावातल्या मण्याराच्या पोराला मी सगळ्यांसमोर "रझाकाराची औलाद" म्हणालो. अर्थ मला नीट कळत होता असं नाही, पण तो शब्द लागेल कुठे हे बरोबर कळलं होतं. तो काही बोलला नाही. चड्डीची माती झटकली आणि घरी गेला. संध्याकाळी आजीच्या कानावर गेलं. तिनं माझं बखोट धरलं आणि भर गावातून मण्याराच्या घरी नेलं. ओट्यावर बांगड्यांच्या पेट्या मांडलेल्या. त्याची आई बाहेर आली, म्हणाली, "बसा की मावशी." आजी बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझ्या लेकराला माझ्या नातवानं वंगाळ बोल लावला. बोल त्याचा न्हाई, माझ्याच तोंडचा उचललाय त्यानं. चूक माझी हाय, बाई."

त्याची आई पेटीतल्या बांगड्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "त्या सालात आमचा सासरा गेला, मावशी. शेळ्या राखायचा तो."

त्या वाक्याचा अर्थ मला लागायला वीस वर्षं गेली. सप्टेंबर १९४८च्या पोलिस ॲक्शननंतर आमच्या भागात मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं कमीत कमी धरला तरी २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकार कोण हे ठरवायला तेव्हाही कुणी चौकशी केली नव्हती. शेळ्या राखणाऱ्या माणसालाही तो शब्द पुरला.

म्हणून सरकारं आंदोलकांना नाव कोणतं देतात, हे मी आधी पाहतो. लाठी, पाण्याचे फवारे, इंटरनेटची बंदी हे सगळं नंतर येतं. आधी नाव येतं. ३१ मार्च २०२२ला श्रीलंकेत मिरिहानाला राष्ट्राध्यक्षांच्या घरापुढे लोक जमले. तेरा-तेरा तास वीज नाही, डिझेलच्या रांगेत दिवस जातोय, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा रद्द झालेल्या. एका फटक्यात रासायनिक खतं बंद करून भातशेती बसवली होती, ते वर्षभरापूर्वीचं. शेतकऱ्याच्या घरातला असल्यानं ते मला अजून सोसत नाही. सकाळी सरकारचं निवेदन आलं त्यात होते अतिरेकी, आणि अरब स्प्रिंगच्या नावानं चिथावलेले लोक. स्वयंपाकाच्या गॅससाठी उन्हात उभ्या असलेल्या बाईला हे परदेशातून शिकून यावं लागलं होतं म्हणे! पुढचं ठाऊकच आहे. ९ जुलैला लोक राष्ट्रपती भवनात शिरले, १३ जुलैला राष्ट्राध्यक्ष मालदीवला गेले. पण गाजावाजा न झालेली एक गोष्ट मला जास्त टोचते. नव्या राष्ट्राध्यक्षांनी २२ जुलैला पहाटेच्या अंधारात कोलंबोतल्या गॉल फेसच्या आंदोलनतळावर सैन्य घातलं. आंदोलकांनी त्याच दिवशी दुपारी जागा सोडणार असल्याचं आधीच सांगितलं होतं.

नेपाळचा वेग तर त्याहून भयंकर. २६ समाजमाध्यमांवर बंदी, ८ सप्टेंबर २०२५ला काठमांडूत मोर्चा, दिवस मावळेपर्यंत १९ मृत्यू, रात्री बंदी मागे. गृहमंत्र्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, पंतप्रधानांनी दिला नाही. तो दुसऱ्या दिवशी द्यावा लागला, आणि त्याच दिवशी सिंहदरबार, म्हणजे सरकारचं मुख्य कार्यालय, पेटला. ढाक्यात तीन आठवडे लागले ते इथे दोन दिवसांत झालं.

आणि हे फक्त शेजारच्यांचं नाही. इंटरनेट तोडायचं तंत्र आपल्याला कुणाकडून शिकावं लागत नाही, काश्मीरमध्ये फोर-जी यायला दीड वर्ष लागलं. मुंबईत २० नोव्हेंबर १९५५ला चौपाटीच्या सभेत स. का. पाटलांनी पाच हजार वर्षांत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं सुनावलं. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, १५ माणसं पडली. पुढे हा आकडा १०६ झाला. १ मे १९६०ला जे दिलं गेलं ते हेच होतं, आधी मागितलेलं. या सगळ्यात मला चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा मोठा वाटतो. केंद्रात अर्थमंत्री असलेला हा माणूस नुसता मुंबईसाठी बाहेर पडला नाही. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हायला हवी, ती नाकारली जाते, हेही त्यांच्या राजीनाम्याचं एक कारण होतं. मेलेल्यांचा हिशेब मागितला म्हणून मंत्रिपद सोडणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला.

२०१८च्या मार्चमध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला तेव्हा मी मुलुंडला राहत होतो. ११ तारखेला हायवेवर पाण्याचे जार घेऊन उभे होतो आम्ही. एक म्हातारी दुभाजकावर टेकली. तिच्या तळपायाची कातडी सोललेल्या बटाट्याच्या सालीसारखी लोंबत होती. पाणी पिऊन तिनं एवढंच विचारलं, "किती ऱ्हायलं?" दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून त्या पायांनी ती माणसं रात्रीच सोमय्या मैदानातून आझाद मैदानाकडे चालत गेली. सकाळी एक खासदार शहरी माओवादाबद्दल बोलल्या. संध्याकाळपर्यंत राज्य सरकारनं मागण्या मान्य केल्याचं लेखी दिलं. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढणार होते. २०१९मध्ये ती माणसं पुन्हा निघाली, २०२३मध्ये पुन्हा. गोळी झाडली नाही याचं श्रेय मी त्या सरकारला देतो, मनापासून देतो. पण तोच कागद घेऊन माणूस तिसऱ्यांदा चालत येतो, तेव्हा त्या कागदाचं काय समजायचं?

कृषी कायदे मागे घेताना १९ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधान मोदींनी टीव्हीवर देशाची क्षमा मागितली होती. मला त्या सकाळी बरं वाटलं होतं, ते मी नाकारत नाही. क्षमा कशाची, तर आपल्या तपस्येत काही उणीव राहिली असेल, काही शेतकऱ्यांना समजावता आलं नाही, त्याची. शेतकरी संघटना ७००हून अधिक मृत्यू सांगत होत्या. काही दिवसांतच लोकसभेत कृषी मंत्रालयानं उत्तर दिलं की मृत्यूंची नोंद मंत्रालयाकडे नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न येत नाही. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. तिनं मण्याराच्या ओट्यावर नेमकी चूक सांगितली होती, ती कुणाची हेही सांगितलं होतं.

बांगलादेशात त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सूड तिथेही उगवला गेला. पोलिस, हसीनांच्या अवामी लीगचे कार्यकर्ते, हिंदू आणि अहमदिया वस्त्या यांच्यावर हल्ले झाले, संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालात हेही नोंदलं आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये शेख हसीनांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. आणि शब्द बदलला. आता कुणाला गप्प करायचं तर "फॅसिबादेर दोसर" म्हणतात, फॅसिस्टांचा साथीदार. भाची सांगते, वर्गात दोन मुलींचं साध्या हजेरीवरून भांडण झालं तरी एक दुसरीला दोसर म्हणून मोकळी होते. ऐकताना माझे कान गरम झाले. सातवीतला मी तिथे उभा होतो.

भाची त्या वर्षी दिवाळीआधी ढाक्याला परत गेली. ताई पाठवायला तयार नव्हती, पण शिक्षण अर्धवट कसं टाकायचं. वॉर्डात तेव्हाही जुलैचे पेशंट यायचे. बहुतेक विशीच्या आतबाहेरचे, अंगात छर्रे घेऊन फिरणारे. सगळे छर्रे काढता येत नाहीत, काही नसेजवळ असतात, ते राहू देतात. एका मुलाचा छातीचा एक्स-रे लाइट बॉक्सवर लावून सरांनी तिला सांगितलं, "मोज आणि केस पेपरवर लिही." काळ्या फिल्मवर ज्वारी सांडल्यासारखे पांढरे ठिपके. पेनाच्या टोकानं एकेकाला शिवत तिनं मोजले आणि ६३ लिहिले. सरांनी पुन्हा मोजायला सांगितलं. तो मुलगाही उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिच्याबरोबर मोजू लागला. एक ठिपका बरगडीच्या सावलीत दडलेला होता, तो त्यानं बोट लावून दाखवला. तिनं ६३ खोडून ६४ लिहिलं.